दुसऱ्या नळीचा भरवसा

महू

चि. ऋतुजा,

रायफल सोडून तू उडत्या तबकड्या फोडण्याच्या ट्रॅप प्रकाराकडे वळलीस, दिल्लीच्या डॉ. कर्णी सिंग रेंजवर सरावालाही लागलीस, हे ताईकडून कळलं. "इथे बरं असतं, एक बार चुकला तरी दुसरी नळी असतेच," असं तू तिला म्हणालीस म्हणे. त्या एका वाक्यासाठी हे पत्र.

तुझं म्हणणं नियमाला धरून आहे. पात्रता फेरीत 125 तबकड्या. प्रत्येकीला दोन काडतुसं. दुसऱ्या बारानं फुटलेली तबकडीही पुरा एक गुण देते. पण फायनलमध्ये एका तबकडीला एकच काडतूस असतं. वर्षभर दुसऱ्या नळीवर विसंबलेला हात त्या दिवशी एकाएकी कसा सुधारेल? म्हणून पहिला बार एकनळी बंदूक हाती असल्यासारखा काढ.

रायफलची सवय इथे आड येईल. तिथे नेम स्थिरावल्यावर चाप ओढायचा. इथे तबकडी ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगानं सुटते. तू माशीकडे बघत राहिलीस की नळी थबकते आणि छर्रे तबकडीच्या मागून जातात. नजर तबकडीवर ठेव, गाल दस्त्याला टेकलेला असू दे आणि बार झाल्यावरही नळी चालती राहू दे.

ट्रॅपच्या दुनळीत नळ्या एकावर एक असतात. बहुतेक नेमबाज खालची आधी उडवतात. तिचा धक्का सरळ खांद्यात येतो, बंदुकीचं तोंड कमी उसळतं. वरच्या नळीचा चोक, म्हणजे तोंडाकडचा निमुळता भाग, सहसा अधिक आवळलेला असतो, कारण तोवर तबकडी लांब गेलेली असते. बंदुकीची तयारी अशी चोख असते. पण 'फुटली का?' म्हणून आपण मान वर करतो आणि ती तयारी वाया घालवतो. पहिला बार नीट जावा म्हणून टेकवलेला गालच दुसऱ्यालाही तारतो.

राज्यवर्धनसिंग राठोड यांनी 2004 मध्ये अथेन्सला डबल ट्रॅपचं रौप्य मिळवलं. त्या प्रकारात दोन तबकड्या एकदम सुटत. प्रत्येकीच्या वाट्याला एकच बार. रिओनंतर तो प्रकार ऑलिंपिकमधून गेला, तरी सराव त्याच हिशेबानं कर. गुणफलकावर दोन्ही बार सारखेच दिसतात. तुझ्या वहीत मात्र पहिल्या बाराच्या तबकड्या वेगळ्या मांड आणि प्रगती त्याच आकड्यावरून जोख.

आणखी एक. पहिल्याच बारात तबकडी फुटली की आनंदात माणूस विसरतो, पण दुसरी नळी भरलेलीच असते. बंदूक मोडून काडतूस बाहेर काढल्याशिवाय जागेवरून वळायचं नाही. यात चुकलीस तर कितीही गुण मिळव, मी कौतुक करणार नाही.

तुझा,
मामा