उंच इमारत आणि दोन मिनिटांचं इंग्रजी

परदेशात एम. एस. करायचं ठरलं की कर्जाची कागदपत्रं, शिफारसपत्रं या सगळ्यांबरोबर आणखी एक पाहुणी दारात उभी राहते, ती म्हणजे आयईएलटीएस. त्यातलं रीडिंग आणि लिसनिंग आपण पेपर सोडवून सोडवून जमवतो. रायटिंगही रेटून नेतो. पण स्पीकिंग म्हटलं की हॉस्टेलमधल्या निम्म्या मुलांच्या पोटात गोळा येतो. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांच्या तर जास्तच. बऱ्याच विद्यापीठांना 6.5 बँड लागतो. एकूण बँड चारही विभागांच्या सरासरीने ठरतो आणि काही ठिकाणी प्रत्येक विभागाची वेगळी अटही असते. म्हणजे बाकी सगळं जमूनसुद्धा अर्ध्या बँडासाठी वर्ष वाया जाऊ शकतं. परत फी, परत तयारी, आणि घरी परत तेच स्पष्टीकरण!

आम्ही चार-पाच जण गेलं वर्षभर रात्रीच्या मेसनंतर गच्चीवर याचा सराव करतो. त्या सरावात एक विषय मला फार उपयोगी वाटला, तो म्हणजे उंच इमारती. मी स्थापत्य शाखेचा, त्यामुळे विषय जवळचा. पण गंमत अशी की हा विषय इंजिनिअरिंगच्या मुलांना सोपा वाटतो आणि तिथेच त्यांची गाडी अडकते. ती का अडकते आणि पुढे कशी ढकलायची, त्यासाठी हा लेख.

(यातली इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत. ती डोळ्यांनी वाचायची नाहीत, तोंडाने म्हणायची आहेत.)

परीक्षा असते तरी कशी?

स्पीकिंगची परीक्षा 11 ते 14 मिनिटांची. समोर परीक्षक बसतो आणि बोलणं रेकॉर्ड होतं. तिचे तीन भाग असतात.

पहिला भाग 4-5 मिनिटांचा. गाव, घर, शिक्षण, आवडीनिवडी असे साधे प्रश्न. दुसऱ्या भागात एक कार्ड हातात देतात. विचार करायला एक मिनिट, टिपायला कागद-पेन्सिल, आणि मग एक ते दोन मिनिटं एकट्यानं बोलायचं. तिसऱ्या भागात त्याच विषयावर 4-5 मिनिटं चर्चा.

गुण चार गोष्टींना आणि चौघींना सारखेच: बोलण्यातला ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. ही यादी नीट बघा. यात 'माहिती' कुठेच नाही! इमारत किती मीटर उंच आहे हे परीक्षक तपासत नाही. तुमचं मत बरोबर की चूक हेही तो बघत नाही. तो बघतो ते एवढंच, की मनातलं इंग्रजीत सांगता येतं का.

उंच म्हणजे किती उंच?

कार्ड साधारण असं असतं: तुम्हाला आवडणाऱ्या किंवा न आवडणाऱ्या एका उंच इमारतीचं वर्णन करा. ती कुठे आहे, कशासाठी वापरतात, दिसते कशी, आणि ती का आवडते किंवा आवडत नाही ते सांगा.

कार्ड वाचलं की दहापैकी आठ मुलं थेट दुबईला जातात. बुर्ज खलिफा, 828 मीटर, 163 मजले, 2010 साली उद्घाटन. इथपर्यंत वीस सेकंद झालेले असतात. पुढे काय? दुबई पाहिलेली नाही, त्यामुळे 'ती का आवडते' याला उत्तर नाही. मग कुठल्यातरी गाईडमधला पाठ केलेला परिच्छेद सुरू होतो. आवाज एकसुरी होतो, नजर छताकडे जाते. परीक्षकाने असे परिच्छेद शेकड्यांनी ऐकलेले असतात. पोपटपंची त्याला लगेच कळते आणि ती गुण मिळवून देत नाही.

आमच्या गटातला एक मित्र म्हणायचा, "अरे, आमच्या तालुक्यात चार मजल्यांच्या वर काहीच नाही. मी काय सांगू?" मी त्याला म्हटलं, तेच सांग. कारण 'उंच' हा शब्द तुलनेचा आहे. शिकागोची होम इन्शुरन्स बिल्डिंग 1885 साली पूर्ण झाली. पुष्कळ जण तिला जगातली पहिली गगनचुंबी इमारत मानतात. मजले किती होते? फक्त 10! आज पुण्यातल्या कितीतरी सोसायट्या तिच्यापेक्षा उंच भरतील. त्या काळच्या शिकागोला जसे दहा मजले, तसेच आपल्या तालुक्याला चार.

मग त्या मित्राने जे उत्तर बसवलं ते असं:

"आय वॉन्ट टु टॉक अबाउट अ बिल्डिंग इन माय टाउन. इट हॅज ओन्ली फोर फ्लोअर्स, बट इट इज द टॉलेस्ट बिल्डिंग वी हॅव. देअर इज अ बँक ऑन द ग्राउंड फ्लोअर अँड अ कोचिंग क्लास ऑन द थर्ड. देअर इज नो लिफ्ट, सो वी यूज्ड टु रन अप द स्टेअर्स. फ्रॉम द टेरेस यू कॅन सी द बस स्टँड, द मार्केट अँड इव्हन द रिव्हर. आय लाइक इट बिकॉज दॅट वॉज द फर्स्ट टाइम आय सॉ माय टाउन फ्रॉम अबव्ह."

यात एकही अवघड शब्द नाही. पण तुलना आली, 'यूज्ड टु' आलं, कारण आलं, आणि शेवटचं वाक्य तर फक्त त्याचंच आहे. ते कुठल्याही गाईडमध्ये सापडणार नाही. हे बोलताना तो अडखळला नाही, कारण आठवायचं काहीच नव्हतं. सगळं डोळ्यांसमोर होतं.

एक मिनिटात काय टिपायचं?

वाक्यं लिहू नका. पाच शब्द पुरे: ठिकाण, वापर, रूप, एक प्रसंग, कारण. बोलणं दोन मिनिटांपर्यंत न्यायचं तर शेवटच्या दोन मुद्द्यांवर जास्त वेळ द्या. ठिकाण आणि वापर चार वाक्यांत संपतात. प्रसंग आणि कारण मात्र हवं तेवढं फुलवता येतं.

मुंबईची मुलं राजाबाई टॉवर घेऊ शकतात. 1878 साली पूर्ण झालेला, सुमारे 85 मीटर उंच. खर्च प्रेमचंद रायचंद यांनी दिला आणि मनोऱ्याला आईचं नाव दिलं. आईच्या नावाचा मनोरा, या एका धाग्यावर अर्धा मिनिट सहज बोलता येतं. कंबाला हिलवरची कांचनजंगा इमारत हाही चांगला विषय आहे. चार्ल्स कोरिया यांची ही 28 मजली इमारत 1983 साली पूर्ण झाली. मुंबईत वारा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. पण दुपारचं ऊन आणि पावसाचा मारासुद्धा तिकडूनच. जुन्या बंगल्यांना यासाठी व्हरांडा असायचा. कोरियांनी तोच व्हरांडा उंचावर नेला आणि इमारतीच्या कोपऱ्यांत दोन-दोन मजले उंचीच्या खोल गच्च्या ठेवल्या. 'का आवडते' याचं याहून सरळ उत्तर कुठलं?

आपलं ज्ञान, पण साध्या शब्दांत

आपण इंजिनिअर, त्यामुळे तोंडात शिअर वॉल आणि ट्यून्ड मास डॅम्पर लगेच येतं. शब्द वापरायला हरकत नाही, पण पुढच्याच वाक्यात त्याचा अर्थ सांगा. आमच्या गटाचा नियम आहे: मेसच्या मावशींना मराठीत समजेल असं आधी सांगायचं, मग तेच इंग्रजीत.

उदाहरण घ्या. तैपेई 101 ही तैवानमधली 508 मीटर उंच इमारत. वरच्या मजल्यांवर 660 टनांचा पोलादी गोळा टांगलेला आहे. वाऱ्याने इमारत एका बाजूला झुकू लागली की गोळा मागे राहून उलट दिशेला ओढतो आणि डोलणं कमी होतं. इंग्रजीत: "देअर इज अ ह्यूज स्टील बॉल निअर द टॉप. व्हेन द विंड पुशेस द बिल्डिंग, द बॉल पुल्स इट बॅक." झालं! बुर्ज खलिफा घ्यायचाच असेल तर मजले मोजू नका. मधला गाभा आणि त्याला तीन बाजूंनी आधार देणारे तीन पंख, म्हणजे आपल्या तिवईसारखी रचना, हे सांगा.

हीच सवय व्हायव्हाला आणि कॅम्पस इंटरव्ह्यूलाही कामाला येते. व्याख्या घडाघडा म्हणणाऱ्यापेक्षा समजावून सांगणारा तिथेही उजवा ठरतो.

तिसरा भाग: चर्चा

इथे एका वाक्यात उत्तर संपवू नका. चार पायऱ्या ठेवा: मत, कारण, उदाहरण, दुसरी बाजू.

शहरं उंच का वाढतात? जमीन थोडी आणि महाग, माणसं जास्त. उदाहरण म्हणून लिफ्टचा किस्सा सांगा. 1854 साली न्यूयॉर्कमध्ये एलिशा ओटिस उघड्या लिफ्टवर उभा राहिला आणि सर्वांसमोर दोर कापायला लावला. ब्रेक लागला, लिफ्ट जागीच थांबली. लोकांचा लिफ्टवर विश्वास बसल्याशिवाय वरच्या मजल्यावर राहायला कोण जाणार होतं?

उंच इमारती सुरक्षित असतात का? इथे हो किंवा नाही म्हणून भागत नाही. 26 जानेवारी 2001 च्या भुजच्या भूकंपात दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या. त्यांतल्या बऱ्याच जणींच्या तळमजल्यावर पार्किंगसाठी नुसते खांब होते, भिंती नव्हत्या. लंडनच्या 24 मजली ग्रेनफेल टॉवरला 14 जून 2017 रोजी आग लागली आणि 72 माणसं गेली. बाहेरून लावलेल्या ज्वलनशील आवरणामुळे ती झपाट्याने पसरली. म्हणजे दोष उंचीचा की बांधणीचा? "इट डिपेंड्स ऑन हाऊ इट इज बिल्ट" असं म्हणून हे एक उदाहरण द्या. उत्तर आपोआप भारदस्त होतं.

नियम मोडून बांधलेल्या इमारतींचं काय करावं? नोएडाचे सुमारे 100 मीटर उंचीचे जुळे मनोरे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 28 ऑगस्ट 2022 रोजी स्फोटकांनी पाडले. ते योग्य की अयोग्य, दोन्ही बाजूंनी बोलून बघा.

प्रश्न कळलाच नाही तर गप्प बसू नका. "कुड यू रिपीट दॅट, प्लीज?" म्हणायला लाज कसली? विचार करायला वेळ हवा असेल तर "आय हॅव नेव्हर थॉट अबाउट दॅट, बट" म्हणून सुरुवात करा.

मराठी माणसाचे नेहमीचे खड्डे

1. 'इज हॅविंग फिफ्टी फ्लोअर्स' नको, 'हॅज फिफ्टी फ्लोअर्स' म्हणा.
2. 'मोअर टॉलर' नको, नुसतं 'टॉलर'. सर्वांत उंच असेल तर आधी 'द' लावा: 'द टॉलेस्ट'.
3. इमारत 'टॉल', पण भाडं आणि डोंगर 'हाय'.
4. मजल्याला 'ऑन', इमारतीला 'इन': 'ऑन द टेन्थ फ्लोअर', 'इन अ टॉल बिल्डिंग'.
5. आपला 'च' इंग्रजीत नेऊ नका. 'आय लिव्ह देअर ओन्ली' हे पुण्यात चालतं, परीक्षेत खटकतं.
6. 'हाइट'च्या शेवटी ट आहे, थ नाही. 'आर्किटेक्ट'मध्ये क आहे, च नाही.
7. 'विंड' आणि 'व्ह्यू' या दोन्हींचा व आपण सारखाच काढतो. 'विंड'ला ओठ गोल करा, 'व्ह्यू'ला वरचे दात खालच्या ओठावर टेकवा. आरशासमोर दहा वेळा!

आठवड्याचा सराव

सोमवारी आपल्या गावातली इमारत, मंगळवारी मुंबई-पुण्यातली, बुधवारी न आवडणारी. (न आवडणारी जरूर करा, कारणं जास्त सुचतात!) गुरुवारी एक तांत्रिक कल्पना साध्या शब्दांत. शुक्रवारी आणि शनिवारी जोडीने चर्चा, एक परीक्षक आणि एक विद्यार्थी. रविवारी आठवडाभराची रेकॉर्डिंग ऐकायची. मोबाइलवर दोन मिनिटांचा गजर लावा आणि गजर होईपर्यंत थांबू नका. मध्येच चूक झाली तर दुरुस्त करून पुढे चला, पहिल्यापासून सुरू करू नका. ऐकताना एकच प्रश्न विचारा: हे वाक्य माझं आहे की पाठ केलेलं?

स्वतःचा आवाज ऐकायला पहिले दोन-तीन दिवस नकोसं वाटतं. नंतर सवय होते. आणि कुणाच्या इंग्रजीला हसायचं नाही, हा आमच्या गच्चीवरचा एकमेव कडक नियम. ज्याला हसतात तो बोलायचा थांबतो, आणि बोलायचा थांबला की त्याची प्रगतीही थांबते. सरांना आणि मॅडमना एक विनंती आहे. आठवड्यातून एखादा दिवस आमच्यासमोर परीक्षक म्हणून बसलात तर आमची भीती निम्मी होईल.

तेव्हा मित्रांनो, आज रात्री जेवण झालं की गच्चीवर या. विषय ठरलेला आहे: आपलंच हॉस्टेल. मजले मोजा, जिने आठवा, वरून काय दिसतं ते सांगा. दोन मिनिटं, सुरू!

ऑल द बेस्ट!