पिटात उतरण्याआधी

अगं, ऑपेरा कंडक्टिंगच्या स्पर्धेसाठी निवड झाल्याचं कळवलंस आणि लगेच विचारलंस काय, तर बॅटन कुठलं घेऊ! कुठलंही घे, पांढरं असलं म्हणजे झालं. ऑर्केस्ट्राच्या पिटात उजेड बेताचा असतो आणि स्टेजवरून तुझे हात दिसायला हवेत. म्हणून बाह्या काळ्या, साध्या. आणि आईनं दिलेलं ते कडं त्या दिवशी पर्समध्येच राहू दे. हळुवार जागी ते वाजलं ना, की पहिली व्हायोलिनवाली मान वर करून बघते.

आता खरं बोलू? तुझ्या ठोक्याची मला काळजी नाही. काळजी आहे ती तू सारखी वाद्यांकडे बघतेस याची. सिम्फनीच्या स्पर्धेत ते खपून जातं, आणि बहुतेक स्पर्धा सिम्फनीच्याच असतात. बेल्जियममधल्या लिएजच्या ऑपेरागृहानं भरवली तशी निव्वळ ऑपेराची स्पर्धा विरळाच. तिथे समोर गायक उभा असतो, आणि त्याचा दम संपला की तुझा ताल कितीही चोख असून काय उपयोग? आपल्याकडे नाट्यगीताला साथ करणारा तबलजी गायकाच्या तोंडाकडे बघतो ना, तसं बघ. फक्त तुझ्यामागून सगळा ऑर्केस्ट्रा यायचाय, म्हणून गायकानं श्वास घेण्याआधीच तुला तो कळायला हवा.

त्यासाठी एकच सांगते, आधी गा. मोत्सार्टच्या ‘फिगारो’मधलं तिसऱ्या अंकातलं काउंटचं रेसिटेटिव्ह, म्हणजे बोलल्यासारखं गायचा तो भाग, काढ. आरिया कुणीही वाजवून नेईल, खरी परीक्षा तिच्या आधी. काउंटला संशय येतो, तो चिडतो, मग सूडाचे बेत रचतो. मनाची प्रत्येक कलाटणी ऑर्केस्ट्रा दोन-चार सुरांत पकडतो आणि गप्प होतो. तो गप्प असताना हात हलवत बसू नकोस, गायकाला बोलू दे. इटालियनचा शब्दन्‌शब्द कळला नाही तर पुढचा ठोका कधी द्यायचा हे कळणारच नाही. पियानोवर बसून काउंट तू स्वतः गा. आवाज भसाडा आहे म्हणून लाजू नकोस, शेजारी ऐकतील तर ऐकू देत. जिथे दम लागेल तिथे लाल पेन्सिलीनं खूण कर.

‘ला बोएम’चा दुसरा अंक आला तर घाबरशील, सगळेच घाबरतात. कोरस, पोरांचा कोरस, फेरीवाले, शेवटी स्टेजवरचा बँड, सगळं एकदम. इथे कानांवर भरवसा ठेवू नकोस. सतरा मीटर मागे उभ्या असलेल्या कोरसचा आवाज तुझ्यापर्यंत यायला सेकंदाचा विसावा भाग जातो. त्याची वाट बघत ठोका दिलास की सगळं मागे ओढलं जातं. त्यांना तुझा हात बघू दे, तू त्यांच्यासाठी थांबू नकोस. म्हणजे रेसिटेटिव्हमध्ये गायकाचं ऐकायचं आणि इथे कुणाचंच नाही. विचित्र वाटेल, पण ते तसंच आहे.

तालमीत बोलणं कमी. घड्याळ लावलेलं असतं, आणि ‘फिगारो’ अनेकदा वाजवलेल्या लोकांना मोत्सार्ट समजावण्यात वेळ घालवलास की ते मनातून उठून जातात. कुठल्या मापापासून आणि काय हवंय, एवढंच सांग. चूक आपोआप सुधारणार असेल तर थांबवूच नकोस.

नंबराचं म्हणशील तर झुबिन मेहता १९५८ साली लिव्हरपूलला पहिले आले, ते तुला तोंडपाठ आहे. पण ओक्साना लिनिव्ह २००४ मध्ये बाम्बर्गच्या माहलर स्पर्धेत तिसरी आली होती, पहिला दुदामेल. तीच २०२१ मध्ये बायरॉइटला उभी राहिली, १८७६ पासूनच्या त्या महोत्सवात ऑपेरा कंडक्ट करणारी पहिली बाई.

तेव्हा निकाल काहीही लागो, त्या रात्री खोलीत जाऊन रडत बसू नकोस. परीक्षकांमध्ये ऑपेरागृहं चालवणारी माणसंही असतात. कॉफीच्या टेबलाशी जाऊन सरळ विचार, गायकांच्या तालमींना पियानोवर कुणी हवंय का. स्पेरान्झा स्काप्पुच्ची कित्येक वर्षं तेच काम करत होती. २०२२ मध्ये ला स्कालाच्या पिटात ऑपेरासाठी उभी राहिलेली पहिली इटालियन बाई ती. पैसे कमी मिळतील, भाड्याचं आपण बघू.