दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांकडे

नीरा नदीच्या उत्तर तीरावर, पुणे-सातारा महामार्गालगत सारोळे हे गाव वसलेले आहे. नदीवरील पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपतो व सातारा जिल्हा सुरू होतो. या गावातील, सातवीत शिकणारी एक मुलगी डोळ्यांपुढे आणा. अभ्यासात ती हुशार, खेळात चपळ. परंतु हसू आले की तिचा हात आपोआप तोंडाकडे जातो. तिचे वरचे दोन्ही सुळे रांग सोडून बाहेर आलेले आहेत आणि खालचे पुढचे दात एकमेकांवर चढले आहेत. वर्गाचे छायाचित्र काढले गेले, त्या वेळी ओठ घट्ट मिटून बसलेली अशी ती एकटीच होती.

शाळेत दंततपासणी झाली, तेव्हा तपासणाऱ्या डॉक्टरांनी तिच्या हाती एक चिठ्ठी दिली. 'ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवावे,' एवढेच तीवर लिहिले होते. हा शब्द घरात कोणालाच ठाऊक नव्हता. 'सरळ' आणि 'दात' या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून तो बनला आहे. वाकडे दात व जबड्यांची ठेवण सुधारणारे दंतवैद्य ते ऑर्थोडॉन्टिस्ट होत.

आजी म्हणाली, "देवाने दिलेले दात आहेत, असू देत. शहरातले डॉक्टर सगळे उपटून टाकतील!" वडिलांना खर्चाची आणि वारंवार पुण्याला जाण्याची काळजी वाटली. मुलगी काही बोलली नाही. मात्र त्या रात्री तिला झोप लागली नाही. दात सरळ करायचे म्हणजे वाकडा खिळा ठोकून सरळ करतात तसे तर करणार नाहीत ना, ही भीती तिच्या मनात घर करून बसली होती.

ही भीती अनाठायी आहे. दात मुळात वाकडे का येतात, हे प्रथम पाहिले पाहिजे. लहानपणी आपल्याला वीस दुधाचे दात असतात. सुमारे सहाव्या वर्षापासून ते पडू लागतात व कायमचे दात येऊ लागतात. अक्कलदाढा धरून ते बत्तीस होतात. वरचे सुळे बहुधा अकराव्या-बाराव्या वर्षी, आजूबाजूचे दात येऊन गेल्यावर येतात. भरलेल्या एस. टी. गाडीत शेवटी चढणाऱ्या उतारूची जी स्थिती होते, तीच त्यांची होते. जागा उरली नसेल, तर त्यांना कडेला उभे राहावे लागते! कधी जबडा लहान व दात रुंद असतात, आणि ही ठेवण पुष्कळदा आईवडिलांकडून आलेली असते. कधी दुधाची दाढ किडून वेळेपूर्वी काढावी लागते आणि शेजारचे दात सरकून ती जागा बळकावतात. पुष्कळ वर्षे अंगठा चोखल्यानेही पुढचे दात बाहेर येतात.

आता ते सरळ कसे होतात? दात हाडात पक्का रोवलेला दिसतो. पण त्याचे मूळ व हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक पातळ थर असतो. दातावर मंद, सतत दाब दिला, तर ज्या बाजूला दाब पडतो त्या बाजूचे हाड हळूहळू विरते व मागे सुटलेल्या जागेत नवे हाड तयार होते. सारोळ्याच्या मुलांना हे समजण्यास अवघड नाही. वळणावर नदी एका काठाची माती खात जाते आणि दुसऱ्या काठाशी गाळ साठवते. पात्र सरकते, पण त्याचा आवाज होत नाही. दातही असाच, महिन्याला साधारण एक मिलिमीटर, सरकतो. म्हणूनच या उपचाराला बहुधा दीड-दोन वर्षे लागतात. घाईने अधिक जोर लावल्यास दाताच्या मुळालाच अपाय होतो.

ही विद्या जुनी आहे. फ्रान्समधील पिएर फोशार या दंतवैद्याने 1728 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दात ओळीत आणण्यासाठी धातूची पट्टी व दोरे वापरण्याची रीत दिली आहे. भारतात 1920 साली डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यास पहिले दंत महाविद्यालय काढले. आता सारोळ्याहून निघून किकवी, कापूरहोळ, खेड शिवापूर मागे टाकीत कात्रजचा डोंगर ओलांडला, की धनकवडीस 1989 साली स्थापन झालेले भारती विद्यापीठाचे दंत महाविद्यालय व रुग्णालय लागते. अशा महाविद्यालयांत अध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी उपचार करतात, त्यामुळे तेथील खर्च सामान्यतः खाजगी दवाखान्यापेक्षा कमी येतो. हे कळल्यावर वडिलांची निम्मी काळजी मिटली.

जाण्याच्या आदल्या दिवशी मुलीने वहीचे एक पान घेतले. पूर्वी कोणती दाढ केव्हा काढली, लहानपणी पडून दाताला मार लागला होता काय, कोणते औषध चालू आहे, एखाद्या औषधाने अंगावर पुरळ उठतो काय, झोपेत तोंड उघडे राहते काय, हे सारे तिने आईला विचारून लिहून काढले. पानाच्या दुसऱ्या बाजूस तिने स्वतःचे प्रश्न लिहिले. ही दुसरी बाजू अधिक महत्त्वाची. कारण खुर्चीवर बसल्यावर माणूस विचारायचे तेच विसरतो. चिठ्ठी, पूर्वीचे कागद व एक्स-रे आईने एका पिशवीत ठेवले. सकाळी मुलीने न्याहारी केली आणि नंतर दात स्वच्छ घासले. उपाशी जाण्याचे कारण नव्हते.

डॉक्टरांनी लहान आरसा घेऊन एकेक दात पाहिला, दात मिटायला व उघडायला लावले. चेहऱ्याची व दातांची छायाचित्रे घेतली, जबड्याचे एक्स-रे काढले. मग एका साच्यात मऊ लगदा भरून तो तिच्या दातांवर दाबून धरला. हा लगदा समुद्री वनस्पतींपासून मिळणाऱ्या द्रव्याचा असतो व दोन-तीन मिनिटांत घट्ट होतो. तिला उमासा आला. "मान किंचित पुढे घे आणि नाकाने सावकाश श्वास घे," असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा तो थांबला. तारा त्या दिवशी लावल्याच नाहीत. पहिल्या भेटीत बहुधा केवळ तपासणीच होते.

"माझे दात उपटणार का?" तिने वहीतला पहिला प्रश्न वाचला.

"अजून सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "सगळी मापे पाहून ठरवू. जागा अगदीच अपुरी असेल, तर कधी कधी दोन-चार दात काढावे लागतात. पण ते बधिर करून काढतात, आणि तुला व आईला सांगितल्याशिवाय काहीही करणार नाही. आधी मात्र तुझ्या दोन किडलेल्या दाढा भरायला हव्यात. तारा लावल्यावर दात घासायला दुप्पट वेळ लागतो. ते तुला जमेल काय?"

मुलगी क्षणभर थांबली. दर महिन्याची ती वारी, सुरुवातीचे काही दिवस दुखणारे तोंड, आणि दात जागेवर स्थिर व्हावेत म्हणून तारा निघाल्यानंतरही वापरायची पट्टी, हे सारे तिला नुकतेच समजावून सांगितले होते. "जमेल," ती म्हणाली.

पानावर शेवटचा एक प्रश्न उरला होता. तो वाचताना ती हसली व सवयीने तिने तोंडावर हात नेला. "ऊस खाता येईल का?"

"दातांनी सोलून? मुळीच नाही. चिक्की नको, भाजलेले कणीसही दाणे काढूनच खायचे. नाहीतर तारेची बटणे निघून येतील. उसाचा रस कधीतरी प्यायलीस तर चालेल. पण नंतर खळखळून चूळ भरायची."

मुलीने ते वहीत लिहून घेतले.