ओढायला पुढचा, थांबायला मागचा

बाळा, ट्रेलर घेतलास, फार बरं वाटलं. सिलतऱ्याहून पोलाद भरायचं, अभनपूर, धमतरी, कांकेर करत बस्तरात उतरवायचं आणि येताना बैलाडिल्याचं लोहखनिज आणायचं, हे जबाबदारीचं काम आहे. घोड्याच्या, म्हणजे ओढणाऱ्या पुढच्या गाडीच्या, ताकदीबद्दल तुला दहा जणांनी सांगितलं असेल. मागच्या ट्रेलरच्या ब्रेकबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी हे लिहून देतोय. क्लीनरलाही वाचून दाखव, तो तुझ्यापेक्षा लक्षपूर्वक ऐकेल.

१. ओढायला पुढचा, थांबायला मागचा, हे मनात पक्कं कर — ट्रेलरचा ब्रेक घोड्याच्या किंचित आधी, निदान बरोबरीने तरी लागला पाहिजे. नाहीतर मागचं वजन पुढच्याला ढकलतं आणि वळणावर घोडा आडवा होतो.

२. सकाळी आधी हवेच्या टाक्यांतलं पाणी काढ, मग चहा घे — हवेतली वाफ टाकीत गार होऊन साचते, तेवढी हवेची जागा कमी होते आणि व्हॉल्व्ह गंजतात. ट्रेलरची टाकी वेगळी असते, तिच्याखालीही वाकायचं. आपल्याकडच्या पावसाळ्यात संध्याकाळी पुन्हा एकदा.

३. लाल आणि पिवळा पाइप जोडण्याआधी तोंडावरचं रबरी वायसर पुसून बघ — लाल पाइपातून ट्रेलरच्या टाकीत हवा भरत राहते, पिवळ्यातून तुझ्या पायाचा हुकूम जातो. दोघांपैकी एकातही खडा अडकलेला चालत नाही.

४. एबीएसची केबलही जोड, ती लोंबकळत ठेवू नकोस — २०१५ पासून नव्या जड गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, पण केबल खोवलीच नाही तर ओल्या रस्त्यावर ट्रेलरची चाकं जाम होऊन घसरतात आणि मागचं धूड बाजूला येतं.

५. जोडणी झाली की ट्रेलरचा हातब्रेक लावून पहिल्या गिअरमध्ये घोडा हळूच पुढे रेट — किंगपिन नीट अडकली का आणि ट्रेलरचा ब्रेक धरतोय का, दोन्ही एका झटक्यात कळतं. मात्र तोच हातब्रेक लावून गाडी उभी करून जेवायला जाऊ नकोस. तो हवेवर धरतो, आणि हवा हळूहळू उतरते. उभं राहायला पार्किंग ब्रेक आणि चाकाखाली ठोकळा.

६. प्रेशरचा काटा भरला की इंजिन बंद कर, पेडल दाबून धर आणि एक मिनिट फक्त काट्याकडे बघ. मोबाईल त्या मिनिटापुरता खिशात राहू दे — काटा उतरत राहिला तर कुठेतरी गळती आहे. इंजिनाचा आवाज नसताना ती फुसफुस ऐकूही येते. सापडत नसेल तर सांध्यांवर साबणाचं पाणी सोड.

७. बूस्टरचा दांडा किती बाहेर येतो ते प्रत्येक चाकाला बघून घे, आणि स्लॅक ड्रम गार असतानाच बसव — तापलेला ड्रम फुगलेला असतो, त्या मापावर केलेली जुळवणी फसवी ठरते. ऑटो स्लॅक असेल आणि तरी दांडा लांब येत असेल, तर पाना फिरवून गप्प बसू नकोस. आत काही झिजलंय, ते मिस्त्रीला उघडायला लाव.

८. लायनर बदलायचं तर एका धुरीच्या दोन्ही चाकांचं बदल — एक बाजू नवी आणि एक जुनी असली की ब्रेक मारताच गाडी एकीकडे ओढते.

९. जुन्या ट्रेलरवर नव्या मर्यादेचा माल लादू नकोस — २०१८ साली सरकारने सर्वांत जड जोडगाड्यांची एकूण मर्यादा ४९ टनांवरून ५५ टन केली, पण कागदावर वजन वाढलं म्हणून जुना ड्रम मोठा झालेला नाही.

आता एक गोष्ट जरा सावकाश सांगतो, कारण ती कळली की बाकीचं आपोआप कळतं. चालत्या गाडीचा लाल पाइप तुटला तर ट्रेलर मोकाट सुटत नाही, उलट त्याचे ब्रेक आपणहून लागतात. ही युक्ती आगगाडीतून आली. जॉर्ज वेस्टिंगहाऊसने १८७२ मध्ये असा ब्रेक काढला की पाइपातली हवा गेली की डबे स्वतःच थांबतात. आपलं अभनपूर तर जुनं जंक्शन. अडीच फुटी रुळांची एक वाट धमतरीला जायची, दुसरी राजिमला. मार्च २०२५ पासून रायपूरहून मोठ्या रुळांवर मेमू येते. डबे कितीही बदलले तरी ब्रेकचं तत्त्व तेच आहे. खरा ब्रेक तो, जो मोडला तरी थांबवतो.

१०. म्हणून ट्रेलर जाम झाला की स्प्रिंग ब्रेक पान्याने सोडवून गाडी पुढे दामटू नकोस — तो जाम झाला म्हणजे त्याने आपलं काम केलं. आधी हवा कुठे गेली ते शोध.

११. अमेरिकेतल्या तुझ्या ताईने राहायच्या खोलीसकट मोठा प्रवासी ट्रेलर घेतलाय, तिलाही हेच सांगितलं. तिच्याकडे हवा नाही: गाडीतून विजेचा इशारा जातो, ट्रेलरवरचा पंप ब्रेक ऑइल दाबतो, चौरस इंचाला १,६०० पौंडांपर्यंत, आणि डिस्क धरतात. डिस्क उघड्यावर असल्याने लवकर निवते, लांब उतारावर तिचा हाच मोठा गुण.

१२. तिच्यासाठी तीन कामं: अर्थची वायर घासून घट्ट करणं, ट्रेलरवरची बॅटरी भरलेली ठेवणं आणि ट्रेलर सुटला तर खेचली जाणारी पिन अधूनमधून ओढून बघणं — ही पिन निघाली की बॅटरी पंप चालवते आणि सुटलेला ट्रेलर थांबतो, बॅटरी मेलेली असेल तर पिन नुसती शोभेची. तिची दोरी गाडीच्या सांगाड्याला बांधायची, जोडणीच्या हुकाला नाही. हुकाबरोबर तीही निघून गेली तर ओढणार कोण?

आता केशकालचा घाट. जाताना चढ, येताना उतार, आणि उतारालाच तू खनिजाने भरलेला असतोस. घाट चढताना इंजिनाचा, उतरताना माणसाचा.

१३. उताराचा गिअर वरच टाक, वळणात शोधत बसू नकोस — वेग वाढल्यावर खालचा गिअर पडत नाही आणि गाडी न्यूट्रलमध्ये अडकते.

१४. न्यूट्रल करून डिझेल वाचतं, असं सांगणाऱ्याच्या शेजारी बसू नकोस — आजच्या इंजिनांत गिअर असताना ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल जवळपास बंदच होतं; न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. वाचत काही नाही, इंजिनाचा आधार तेवढा जातो.

१५. एक्झॉस्ट ब्रेकला काम करू दे, आणि पायाचा ब्रेक दाबून वेग नीट खाली आणून पूर्ण सोड. पाय सतत टेकवून ठेवू नकोस — ड्रमला मधे निवायला वेळ मिळाला नाही तर लायनर तापून पकड सोडतं. जळका वास आला म्हणजे आधीच उशीर झालाय.

१६. बारा वळणांच्या मधे तेलीन मातेच्या देवळापाशी सगळेच थांबतात, तूही थांबशील. हात जोडून झाले की प्रत्येक चाकाजवळ तळहात ने, टेकवू नकोस — सगळी चाकं गरम आणि एक गार असेल तर ते गार चाक काम करत नाही, त्याचा भार बाकीची वाहतायत.

१७. तापलेल्या ड्रमवर बादली ओतू नकोस, आणि लगेच पार्किंग ब्रेकही आवळू नकोस — एकाने ड्रम तडकतो, दुसऱ्याने तो निवताना वाकडा होऊ शकतो. सपाट जागा बघ, ठोकळे लाव, दहा मिनिटं बस.

१८. आपल्या गावाजवळून निघणारा विशाखापट्टणमचा ४६४ किलोमीटरचा सहापदरी रस्ता तुला मोह घालेल — वेग दुप्पट झाला की ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवावी लागते, मग रस्ता कितीही रुंद असो.

राहिली घरची ट्रॅक्टर-ट्रॉली, आणि माझा जीव खरा तिच्यातच अडकलाय. ट्रेलरला कायदा आहे, मिस्त्री आहे. ट्रॉलीला बहुतेकदा ब्रेकच नसतो, आणि तिच्यावरच सगळा गाव बसतो.

१९. हिशेब कर: सोसायटीत धान एकरी २१ क्विंटलपर्यंत घेतात. तीन एकरांचं धान म्हणजे सव्वासहा टनांच्या वर, आणि ट्रॅक्टर स्वतः दोन-अडीच टनांचा — थांबवणारा हलका आणि ढकलणारा जड. दोन खेपा कर, सोसायटी पळून जात नाही.

२०. शेतातून डांबरी रस्त्यावर येताना ट्रॅक्टरची डावी-उजवी ब्रेक पेडलं खिट्टीने एकत्र जोड — शेतात वळायला ती वेगळी हवीत. रस्त्यावर भरल्या ट्रॉलीसकट एकच दाबलं गेलं तर ट्रॅक्टर जागच्या जागी फिरून उलटतो.

२१. राजिमच्या जत्रेला ट्रॉलीत माणसं भरू नकोस, आजी कितीही रुसली तरी — पोती पडली तर पुन्हा भरता येतात. तिला मी मेमूने नेईन.

२२. ट्रॉलीमागे लाल रिफ्लेक्टर आणि पट्टी लाव, चिखल रोज पुस — धानाच्या दिवसांत अंधार लवकर पडतो, आणि मागून येणारा तुझ्यासारखाच भरलेला ट्रेलर असतो.

धान खरेदी सुरू होण्याआधी ट्रॉली धमतरी रोडच्या वर्कशॉपात आणून लाव. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर चालणारा ब्रेक तिच्या धुरीला बसवता येतो. मी मिस्त्रीशी बोलून ठेवलंय, पैशांचं मग बघू.