हवाना शहरातील काही दिवस

परक्या देशाचे नगर पाहावयास निघालेल्या प्रवाशाच्या गाठोड्यात बहुधा आधीच काही बांधलेले असते. कोणी स्तुतीची फुले घेऊन निघतो, तर कोणी निंदेचे खडे. साम्यवादी देशाला जाणाऱ्याच्या बाबतीत हे विशेषच खरे. अशा देशाचे वर्णन मराठी वाचकाला नवे नाही. अनंत काणेकर यांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ या पुस्तकाने आणि अण्णा भाऊ साठे यांनी १९६१ सालच्या प्रवासावर लिहिलेल्या ‘माझा रशियाचा प्रवास’ या पुस्तकाने त्याला सोव्हिएट रशियाचे दर्शन घडविले आहे. परंतु कॅरिबियन समुद्रातील क्यूबा हे बेट मात्र आपणास फारसे परिचयाचे नाही. २०२४ सालच्या नोव्हेंबरात त्या बेटाच्या राजधानीत, म्हणजे हवाना शहरात, काही दिवस राहण्याचा योग मला आला. तेथील लोकांचे रोजचे जीवन जसे दिसले, तसे येथे सांगावयाचे आहे.

हवाना हे जुने शहर आहे. स्पेनच्या लोकांनी १५१९ साली ते आजच्या जागी वसविले. बंदराच्या मुखाशी एल मोरो नावाचा किल्ला खडकावर उभा आहे. त्याच्या शेजारच्या काबान्या किल्ल्यावरून रात्री ठीक नऊ वाजता तोफ उडते. पूर्वी शहराला तट होता, तेव्हा ही तोफ वेशी बंद होण्याची खूण असे. आता तट उरला नाही, वेशी उरल्या नाहीत. तोफ मात्र राहिली आणि लोक तिच्या आवाजावर घड्याळे लावू लागले. अंबरनाथजवळच्या मोरिवलीत कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्या मला तो आवाज ऐकून गंमत वाटे. कारण हवानात तोफ होते, तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवसाचे सकाळचे साडेसात झालेले असतात आणि औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर कामगारांची वर्दळ सुरू झालेली असते.

समुद्राच्या कडेने सुमारे आठ किलोमीटर लांबीचा बांध आहे. त्याला मालेकोन म्हणतात. संध्याकाळी अर्धे शहर त्या बांधावर येऊन बसते. कोणी गळ टाकतो, कोणी गिटार वाजवतो, वृद्ध माणसे गप्पा मारतात. मुंबईच्या मरीन ड्राइव्हची आठवण व्हावी असेच ते दृश्य असते. मागे वळून पाहिले, की जुन्या वाड्यांच्या सुंदर कमानी दिसतात. पण कित्येकांचा गिलावा गळून पडलेला असतो आणि सज्ज्यांना लाकडांचे टेकू दिलेले असतात.

रस्त्यावरून धावणाऱ्या मोटारी हा तर प्रवाशाला मोठाच अचंबा. त्यांतील अनेक १९५० च्या सुमाराच्या अमेरिकन बनावटीच्या आहेत. १ जानेवारी १९५९ रोजी हुकूमशहा बातिस्ता देश सोडून पळाला आणि फिडेल कास्त्रो यांच्या क्रांतिकारकांच्या हाती सत्ता आली. पुढे नव्या सरकारने अमेरिकन कंपन्यांची मालमत्ता ताब्यात घेतली, दोन्ही देशांत वितुष्ट आले आणि १९६२ साली अमेरिकेने क्यूबाशी जवळजवळ सर्व व्यापार बंद केला. नवी मोटार येईना, जुनीचे सुटे भागही मिळेनात. तेव्हा तेथील कारागिरांनी मोडक्यातून चालते करण्याची विद्या हस्तगत केली. अमेरिकन सांगाड्यात रशियन इंजिन बसवून गाडी हाकणारा चालक तेथे सहज भेटतो. आपल्या उल्हासनगरच्या एखाद्या कसबी मिस्त्रीला तेथे नेले, तर भाषा न येताही त्याचा जीव रमेल.

परंतु शहराची खरी ओळख मोटारीतून होत नाही. ती रांगेत उभे राहिल्यावर होते. १९६२ सालापासून क्यूबात प्रत्येक कुटुंबाला शिधावाटपाची एक वही मिळते. तिला ‘लिब्रेता’ म्हणतात. तांदूळ, घेवडा, साखर, तेल इत्यादी जिन्नस ठरलेल्या दुकानातून, ठरलेल्या मापाने, नाममात्र किमतीला द्यावयाचे, हा तिचा हेतू. लहान मुलांच्या वाट्याला दूध असे. आपल्याकडे मुंबईत १९४३ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, रेशनिंग सुरू झाले. त्याची हकीकत ज्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल, त्यांना हे नवल वाटणार नाही.

तेथील रांगेची रीत मोठी मौजेची आहे. दुकानासमोर ओळ अशी दिसतच नाही. कोणी सावलीत बसलेला, कोणी शेजाऱ्याशी बोलत उभा. नवा आलेला मनुष्य मोठ्याने विचारतो, “शेवटचा कोण?” ज्याचा क्रमांक शेवटचा, तो हात वर करतो. तेवढे लक्षात ठेवले, की झाले. आपल्याकडे रांगेत पिशवी किंवा दगड ठेवून जागा धरतात; तेथे शेजाऱ्याच्या शब्दावर जागा राहते. पुढे मात्र मन खिन्न होते. तासभर थांबलेला मनुष्य पुष्कळदा अर्ध्याच वस्तू घेऊन परततो. माणशी रोज एक लहानसा पाव मिळत असे. त्याचे वजन ८० ग्रॅम होते. पीठ पुरेना म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये ते ६० ग्रॅम करण्यात आले.

असे का व्हावे? अमेरिकेची व्यापारबंदी हे एक कारण. १९९१ साली सोव्हिएट संघ लयाला गेला आणि तिकडून येणारे स्वस्त तेल व धान्य थांबले, हे दुसरे. तिसरे कारण मात्र घरचेच. शेती, कारखाने, दुकाने यांचा जवळजवळ सारा कारभार सरकारने आपल्या हाती घेतला. १९६८ साली तर लहान दुकाने आणि खाद्यपदार्थांच्या गाड्यासुद्धा जप्त झाल्या. आपल्या नाक्यावरचा वडापाववाला एके दिवशी सरकारी नोकर झाला, तर त्याची कढई पूर्वीइतक्या उत्साहाने तापेल काय? लहान खाजगी कंपन्यांना तेथे कायद्याने परवानगी मिळाली, ती २०२१ साली.

मी ज्या घरी उतरलो होतो, त्या घरच्या आजीबाई निवृत्त शिक्षिका होत्या. १९६१ साली क्यूबात निरक्षरतेविरुद्ध मोठी मोहीम निघाली. सुमारे एक लाख विद्यार्थी शहरे सोडून खेड्यापाड्यांत गेले. प्रत्येकाजवळ एक कंदील, एक झोळीचा पाळणा आणि शिकविण्याची पुस्तके होती. दिवसा शेतकऱ्याबरोबर शेतात राबावयाचे आणि रात्री कंदिलाच्या उजेडात त्याला अक्षरे शिकवावयाची, असा क्रम होता. एका वर्षात सात लाखांहून अधिक माणसे लिहावयास-वाचावयास शिकली. शेवटची परीक्षा म्हणून प्रत्येकाने फिडेल कास्त्रो यांना स्वहस्ते पत्र लिहिले. अशी पत्रे हवानातील एका संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत.

आजीबाई त्या वेळी तेरा वर्षांच्या होत्या. त्या म्हणाल्या, “ऊस तोडून हात इतके राठ झालेले, की पेन्सिल धरताच मोडे. पण स्वतःचे नाव लिहिले त्या रात्री तो शेतकरी झोपला नाही.” मग हातातल्या पावाकडे पाहून त्या हसल्या. “अक्षर वाटले तर वाढते, बाळ. पाव वाटता वाटता लहान होतो.”

वाचनाची ही ओढ क्रांतीहूनही जुनी आहे. हवानाच्या चिरुटांच्या कारखान्यांत १८६५ सालापासून एक प्रथा चालत आली आहे. कामगार तंबाखूची पाने वळीत असतात आणि उंच आसनावर बसलेला वाचक त्यांना वर्तमानपत्र व कादंबऱ्या वाचून दाखवितो. पूर्वी त्याचा पगार कामगारच आपल्या मजुरीतून देत. सोलापूरच्या किंवा सिन्नरच्या विडी कामगारांपुढे कोणी रोज असे वाचत बसले तर, असा विचार माझ्या मनात आल्यावाचून राहिला नाही.

शाळांप्रमाणेच दवाखानेही मोहल्ल्यामोहल्ल्यांत आहेत आणि तपासणीला पैसे पडत नाहीत. परंतु डॉक्टर औषध लिहून देतो, तेव्हा ते औषध दुकानात असेलच असे नाही. विजेचीही तीच गत. १८ ऑक्टोबर २०२४ रोजी देशातील सर्वांत मोठे वीजकेंद्र बंद पडले आणि सगळा देश अंधारात गेला. मी तेथे होतो तेव्हाही रोज काही तास वीज नसे. ११ जुलै २०२१ रोजी अन्न, औषधे आणि स्वातंत्र्य यांसाठी हजारो लोक रस्त्यावर उतरले होते. त्यांतील शेकडो जणांना तुरुंगात जावे लागले. देशात कम्युनिस्ट पक्षावाचून दुसऱ्या पक्षाला मुभा नाही. त्यानंतरच्या काळात लाखो लोक देश सोडून गेले. आजीबाईंचा मुलगाही त्यांपैकी एक. वीज आली, की त्या आधी टेलिफोन विद्युतभारित करीत. रात्री त्यावर मुलाचा आवाज यावयाचा असे.

मुलांनो, असे हे शहर पाहून काय शिकावे? असलेले सर्वांनी सारखे वाटून घ्यावे, ही मोठी गोष्ट आहे. हवानाने ती मनावर घेतली आणि म्हणून तेथे मजुराचे मूलही डॉक्टर होऊ शकले. परंतु वाटावयाचे ते आधी पिकवावेही लागते आणि ते कमी पडले, तर “का?” असे निर्भयपणे विचारता यावे लागते. ज्या शेतकऱ्याला कंदिलाच्या उजेडात लिहावयास शिकविले, त्याच्या नातवाला मनातली तक्रारही लिहिता आली पाहिजे. शिकविणाऱ्यांची ती मेहनत तेव्हाच पुरती फळास येईल.

स्वाध्याय

१. हवानातील जुन्या मोटारी इतकी वर्षे का टिकवून ठेवाव्या लागल्या?
२. हवानातील रांगेची रीत आणि आपल्याकडील रीत यांत तुम्हांस कोणता फरक दिसतो?
३. ‘अक्षर वाटले तर वाढते, पाव वाटता वाटता लहान होतो,’ या उद्गारांचा अर्थ स्पष्ट करा.
४. तुमच्या गावातील शिधावाटपाच्या दुकानाचे निरीक्षण करून दहा ओळी लिहा.