ग्राहकाची पारख : परिसरावर आधारित एक पाठ

मुंबई-गोवा महामार्ग व रत्नागिरी-कोल्हापूर मार्ग ज्या ठिकाणी एकत्र येतात, तो हातखंबा तिठा विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. कोकणातून जाणारा प्रवासी आंबापोळी, फणसपोळी, काजूगर, आमसुले विकत घेतो. तो ही निवड कशाच्या आधारे करतो, हा या पाठाचा विषय होय.

उद्देश : खाद्यपदार्थ निवडताना मनावर रंग, वास, नाव, किंमत व पूर्वीची सवय यांचा प्रभाव कसा पडतो, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानी आणून देणे.

पाठाचा विस्तार : शिक्षकांनी प्रथम कोकमाचे उदाहरण घ्यावे. आगळ मिठात टिकविलेले असते. सरबताचा पाक साखरेत केलेला असतो. दोहोंचा रंग जवळजवळ सारखाच. गोड पेयाच्या अपेक्षेने आगळ चाखणारा परगावचा ग्राहक तोंड वाकडे करतो. त्याच आगळाच्या सोलकढीने कोकणी माणूस तृप्त होतो. पदार्थ तोच, अपेक्षा मात्र भिन्न. म्हणून विक्रेत्याने वापरण्याची रीत सांगणे हेही त्याचे कर्तव्य ठरते.

नंतर नावाचा प्रभाव सांगावा. ‘रत्नागिरी हापूस’ या शब्दांस ग्राहक अधिक दाम देतो. म्हणूनच परप्रांतीय आंबाही कधी त्या नावाने खपविला जातो. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. खोट्या नावाने ग्राहक फसतो आणि प्रामाणिक बागायतदाराचे श्रमही वाया जातात. केवळ पिवळ्या रंगास भुलू नये, हेही सांगावे. कार्बाइडने फळ पिकविण्यास कायद्याने बंदी आहे.

प्रात्यक्षिक : मुलांनी घरातील रिकामी वेष्टने आणावीत. त्यांवरील वजन, किंमत, तारीख व १४ अंकी परवाना क्रमांक शोधावा. घटकांच्या यादीत ज्याचे प्रमाण सर्वाधिक, तो प्रथम येतो. वेष्टनावर आंब्याचे चित्र असून यादीत पाणी व साखर आधी असल्यास त्यावर चर्चा घडवावी.

गणित : २०० ग्रॅमचे पाकीट ९० रुपयांस व ५०० ग्रॅमचे २१० रुपयांस असल्यास १०० ग्रॅमचा दर अनुक्रमे ४५ व ४२ रुपये येतो. मोठे पाकीट स्वस्त खरे. पण संपण्यापूर्वीच पदार्थ बिघडला तर ते महागच पडेल.

गृहपाठ : घरी नुकत्याच आणलेल्या एका पदार्थाची निवड कोणी व का केली, हे विचारून पाच ओळी लिहाव्यात.

आजचा विद्यार्थी उद्या ग्राहक होईल, कदाचित विक्रेताही होईल. दोन्ही नात्यांनी त्यास ही पारख उपयोगी पडेल.