डिझेल मोटारीचे हीटर प्लग : परीक्षा व बदल

ज्यांचे आयुष्य धान्याची पारख करण्यात गेले, त्यांनी मोटारीच्या यंत्रावर लेख लिहावा, हे आमच्या सभासदबंधूंस चमत्कारिक वाटेल. परंतु आपणांपैकी पुष्कळांच्या दारी जुनी डिझेल गाडी आहे. आणि तिच्या एका बोटभर लांबीच्या भागाकडे दुर्लक्ष केल्याने एके पहाटे आमची जी अवस्था झाली, ती इतरांची होऊ नये, एवढ्यासाठीच हा प्रपंच.

बेळगावची पौषातील पहाट. आमच्या वडील वहिनींस श्वास घेणे कठीण झाले म्हणून गाडी काढू गेलो, तो यंत्र घरघरे, पांढरा धूर सोडी, आणि स्वस्थ बसे. चार-पाच प्रयत्नांत बॅटरीही उतरली. अखेर शेजाऱ्यांच्या टेंपोतून वहिनींस रुग्णालयात न्यावे लागले. त्या सुखरूप परतल्या. परंतु महिनाभर गाडी सकाळी कुरकुरत असताना आम्ही ‘थंडी आहे’ म्हणून सोडून देत होतो, ही चूक सर्वस्वी आमची.

डिझेलच्या यंत्रात ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवितात की, तीत फवारलेले तेल आपोआप पेटते. यंत्र गार असले म्हणजे ती उष्णता सिलिंडरचे थंड लोखंडच शोषून घेते. ही उणीव भरून काढण्यास प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग असतो. किल्ली फिरविताच नव्या धर्तीच्या प्लगाचे टोक काही सेकंदांत ८०० अंश सेल्सिअसच्या वर तापते. पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. यंत्र एकदा तापले की दोष दिसेनासा होतो, आणि मालक फसतो तो येथेच.

प्लग बदलण्यापूर्वी बॅटरी पाहावी. नंतर किल्ली फिरवून प्लगांच्या तारेपर्यंत वीज येते की नाही, हे तपासावे. न आल्यास दोष फ्यूजचा वा रिलेचा, प्लगांचा नव्हे. वीज येत असेल तर किल्ली बंद करून प्लगांना जोडणारी पट्टी काढावी व मल्टिमीटरने एकेक प्लग मोजावा. चांगला प्लग साधारणतः एक ओमच्या आसपास दाखवितो. मेलेल्यातून वीज मुळीच वाहत नाही. पट्टी न काढता मोजणे म्हणजे दहा पोती एकत्र ओतून मग कीड कोणत्या पोत्यात होती, हे विचारणे होय.

खरा धोका आहे तो प्लग काढण्यात. आमच्या चारांपैकी तीन मेलेले निघाले. कारागिराने गार यंत्रावरच लांब पाना लावून जोर केला, आणि एक प्लग आतच तुटला! सिलिंडरचे हेड उतरवावे लागले. चार प्लगांच्या कितीतरी पट खर्च त्या एका घाईने झाला. म्हणून आदल्या सायंकाळी आट्यांत गंज सोडविणारे तेल सोडावे, भोवतालची धूळ फुंकून काढावी, यंत्र गरम करून मग सावकाश फिरवावे. अडल्यास किंचित उलट, पुन्हा सुलट. १० मिलिमीटर आट्याच्या प्लगावर ३५ न्यूटन-मीटरहून अधिक जोर कदापि लावू नये. तेथे थांबून पुन्हा तेल द्यावे.

नवे प्लग चारही एकदम घालावेत, आणि नमुना जुळवून, व्होल्ट पाहूनच घ्यावेत. काही प्लग बारा व्होल्टांहून पुष्कळ कमी दाबाचे असतात. ते थेट बॅटरीस लावून पाहिले तर तत्क्षणी जळतात. बसविण्यापूर्वी छिद्रातील काजळी साफ करावी, प्रथम हातानेच आटे धरवावेत, आणि शेवटचा आवळ पुस्तिकेत दिला असेल तितकाच द्यावा. गाडी सुरू होत नाही म्हणून ईथरचा फवारा मारणारे शहाणे भेटतात. तापलेल्या प्लगाशी तो वायू भडकून यंत्र फुटू शकते, हे त्यांस कोणी सांगावे!

आता आमची गाडी पहिल्या किल्लीस सुरू होते. वहिनी मात्र थंडी पडू लागली की अजूनही विचारतात, “भाऊजी, टेंपोवाल्यांना सांगून ठेवलं आहे ना?”